गणिताच्या पायाभूत संकल्पना: ग्वाल्हेरच्या मराठी विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सहावी ते दहावीच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी त्यांची वही घेऊन बसणाऱ्या आईबाबा-आजोबांसाठी आहे. मुलं बहुतेकदा "असं का?" एवढंच विचारतात आणि उत्तर मिळतं, "नियम आहे, लिहून घे." पण गणितातला नियम कुणाच्या मर्जीने ठरत नाही. आधी मान्य केलेले नियम पुढेही मोडू नयेत, या एका अटीतून बहुतेक नवे नियम आपोआप निघतात. खालच्या उत्तरांत ही अट पुन्हा पुन्हा भेटेल.

शून्य ही संख्या आहे की रिकामी जागा दाखवणारं चिन्ह?

दोन्ही. मात्र ही दोन कामं वेगळी आहेत आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिलं काम जागेचं. २७० मधलं शून्य सांगतं की एककाच्या घरात काही नाही, म्हणून ७ हे दशक आहेत आणि २ हे शतक. याचा पुरावा आपल्याच गावात आहे. ग्वाल्हेर दरवाज्याकडून किल्ला चढताना वाटेत एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या शिलालेखावर संवत ९३३ आहे, म्हणजे इ.स. ८७६. देवाच्या बागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब आणि १८७ हात रुंद, आणि रोज ५० माळा, असा हिशेब त्यात कोरला आहे. २७० आणि ५० मधली शून्यं आजच्यासारखीच गोल आहेत, फक्त जरा लहान. ग्वाल्हेरच्या प्रत्येक मुलाने तो लेख एकदा तरी पाहावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

दुसरं काम संख्येचं. शून्याची बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येतो आणि त्याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच मांडले होते. शून्य धनही नाही, ऋणही नाही. ते सम मात्र आहे, कारण ० = २ × ०. शालेय पुस्तकांत नैसर्गिक संख्या १ पासून मोजतात आणि पूर्ण संख्या ० पासून.

चूक कुठे होते? भागाकारात. ३००५ ÷ ५ चं उत्तर पुष्कळ मुलं ६१ लिहितात. ३० ला ५ ने भागून ६ आले, पुढचं ० खाली घेतलं, त्यात ५ जात नाहीत म्हणून मूल भागाकारात काहीच न लिहिता पुढचा ५ घेतं. "जात नाहीत" याचाच अर्थ "० वेळा जातात", आणि ते ० भागाकारात लिहावंच लागतं. उत्तर ६०१. पडताळा साधा आहे: ६१ × ५ = ३०५, आपल्याकडे तर तीन हजार होते.

शून्याने भागता का येत नाही?

भागाकार म्हणजे उलटा गुणाकार. १२ ÷ ३ = ४, कारण ४ × ३ = १२. आता १२ ÷ ० चं उत्तर शोधायचं, तर कोणत्या संख्येला ० ने गुणून १२ येतील? कोणत्याच नाही. म्हणून उत्तर नाही. ० ÷ ० ची अडचण याच्या उलट आहे: कोणत्याही संख्येला ० ने गुणलं की ० च येतं, म्हणजे सगळ्याच संख्या उत्तर ठरतात आणि एकही पक्की ठरत नाही. ० ÷ ५ मध्ये मात्र काहीच अडचण नाही, उत्तर ०.

हे नुसतं तत्त्वाचं नाही, परीक्षेत यातूनच गुण जातात. "क्ष चा वर्ग = ५क्ष" हे समीकरण आलं की मूल दोन्ही बाजूंना क्ष ने भागतं आणि क्ष = ५ लिहून मोकळं होतं. पण क्ष शून्यही असू शकतो, आणि तसा असेल तर तो भागाकारच चुकीचा. बरोबर रीत: सगळं एका बाजूला घ्या, क्ष सामाईक काढा, क्ष(क्ष − ५) = ०, म्हणून क्ष = ० किंवा क्ष = ५. अक्षराने भागण्याआधी "हे शून्य तर नसेल ना?" हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा. २ = १ सिद्ध करणारी जी गमतीची "सिद्धता" मुलांमध्ये फिरते, तिच्यातही अ = ब धरून मधल्या एका पायरीत (अ − ब) ने भागलेलं असतं. तिथेच ती कोसळते.

ऋण गुणिले ऋण धन का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर तीन पायऱ्यांचं आहे.

(−४) × ३ म्हणजे चार रुपयांचं कर्ज तीनदा, एकूण −१२. इथपर्यंत कुणाला शंका नसते. आता (−४) × [३ + (−३)] घ्या. कंसात शून्य आहे, म्हणून सगळ्याचं उत्तर ०. हाच कंस सोडवून लिहिला तर (−४) × ३ + (−४) × (−३) असं होतं. पहिला तुकडा −१२ आहे हे ठरलेलंच आहे. बेरीज ० यायची तर दुसरा तुकडा +१२ च हवा, दुसरा पर्याय नाही. (−४) × (−३) ला −१२ मानलं तर कंस सोडवण्याचा नियम मोडतो, आणि तो मोडला की पुढचं सगळं बीजगणित बंद पडतं.

खरी पडझड इथे नाही, पुढे आहे. "मायनस मायनस प्लस" हे वाक्य पाठ झालेलं मूल −४ − ३ चं उत्तर +७ लिहितं. तो नियम गुणाकाराचा आणि भागाकाराचा आहे. −४ − ३ मध्ये गुणाकार कुठे आहे? चार रुपये देणं होतं, आणखी तीन झाले, एकूण −७. उलट −४ − (−३) मध्ये दोन चिन्हं कंसाच्या दोन बाजूंना एकमेकांना लागून आहेत, म्हणून ते −४ + ३ होतं आणि उत्तर −१. आमचा सल्ला असा की "मायनस मायनस प्लस" हे अर्धवट वाक्य घरात म्हणूच नका. "ऋण गुणिले ऋण धन" असं पूर्ण म्हणा, म्हणजे कुठे वापरायचं ते त्यातच येतं.

कंचेभागुबेव पाठ आहे, तरी उत्तर चुकतं. का?

कारण या शब्दातल्या अक्षरांच्या (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) क्रमावरून वाटतं की भागाकार नेहमी गुणाकाराच्या आधी आणि बेरीज नेहमी वजाबाकीच्या आधी. तसं नाही. भागाकार-गुणाकार एकाच पायरीवर आहेत, बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर. एका पायरीवरच्या क्रिया डावीकडून उजवीकडे करायच्या. १२ − ५ + ३ चं उत्तर १० आहे. आधी ५ + ३ केलं तर ४ येतं, ते चूक. तसंच ५ × ६ ÷ ३ × २ हे डावीकडून ३०, १०, २० असं जातं.

घाताचं चिन्ह या शब्दात नाहीच. घात कंसानंतर लगेच सोडवायचा. म्हणून कंसाशिवाय लिहिलेल्या "ऋण, ३ चा वर्ग" चं उत्तर −९ आणि कंसात (−३) लिहून केलेल्या वर्गाचं +९. समीकरणात क्ष = −३ ठेवताना कंस टाकायचा आळस केला तर हमखास चिन्ह चुकतं.

अपूर्णांकांच्या भागाकारात दुसरा उलटा का करायचा?

दीड किलो पोहे पाव-पाव किलोच्या पुड्यांत भरायचे आहेत. किती पुड्या? सहा, हे कुणीही तोंडी सांगेल. एका किलोत चार पाव, म्हणून दीड किलोत दीड गुणिले चार. पाव ने भागणं आणि चारने गुणणं ही एकच गोष्ट झाली.

अंश १ नसेल तेव्हाही तेच. ३/४ ÷ २/५ मध्ये भाज्य आणि भाजक दोघांनाही ५/२ ने गुणा. दोघांना एकाच संख्येने गुणलं की भागाकार बदलत नाही. भाजक २/५ × ५/२ = १ होतो, आणि १ ने भागायचं काही उरत नाही. राहतं ३/४ × ५/२ = १५/८. पडताळा: १५/८ × २/५ = ३०/४० = ३/४.

होणाऱ्या चुका: पहिला अपूर्णांक उलटा करणं, दोन्ही उलटे करणं, आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचं रूप न बदलता त्यातला फक्त अपूर्णांक उलटा करणं. अडीच आधी ५/२ लिहा, मगच पुढे जा.

१/२ + १/३ = २/५ का नाही?

१/२ हाच मुळी ५/१० आहे आणि २/५ म्हणजे ४/१०. अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल? छेद म्हणजे तुकड्याचा आकार. आकार सारखा केल्याशिवाय तुकडे मोजता येत नाहीत: ३/६ + २/६ = ५/६.

याच जातीची चूक बीजगणितात येते: (क्ष + ३)/३ मधले ३ काटून क्ष लिहिणं. क्ष = ६ ठेवून पाहा. खरं उत्तर ९/३ = ३, काटून येतं ६. वर-खाली काटता येतो तो गुणक. बेरजेतला तुकडा काटता येत नाही.

१ मूळ संख्या का नाही? तिला १ ने आणि स्वतःने भाग जातो की!

मूळ संख्येला बरोबर दोन वेगवेगळे विभाजक हवेत. १ ला एकच आहे. पण व्याख्या तशी का केली, हा खरा प्रश्न. १२ चे मूळ अवयव २ × २ × ३, आणि क्रम सोडला तर ही मांडणी एकच. १ ला मूळ मानलं तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ अशा हव्या तितक्या मांडण्या होतील आणि "एकच मांडणी" हा अंकगणितातला अत्यंत कामाचा नियम हातचा जाईल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या काही कोष्टकांत १ मूळ संख्यांमध्ये दिसतो. पुढे याच कारणासाठी तो बाहेर राहिला.

फसवणाऱ्या संख्या लक्षात ठेवा: ५१ = ३ × १७, ५७ = ३ × १९, ९१ = ७ × १३. दिसतात मूळ, पण नाहीत. तपासताना वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरतं. ९७ साठी २, ३, ५, ७ एवढेच, कारण ११ चा वर्ग १२१ आहे आणि तो ९७ च्या पुढे जातो.

लसावि कधी, मसावि कधी?

अनेक गोष्टी पुन्हा एकत्र केव्हा येतील, हा प्रश्न असेल तर लसावि. एखादी गोष्ट समान आणि मोठ्यात मोठ्या तुकड्यांत कशी वाटायची, हा असेल तर मसावि. ३६० सेंमी × ४५० सेंमी खोलीत न कापता बसणारी मोठ्यात मोठी चौरस फरशी: मसावि ९०, म्हणजे ९० सेंमीची, ४ × ५ = २० फरश्या.

लसावि × मसावि = संख्यांचा गुणाकार, हा नियम फक्त दोन संख्यांसाठी. २, ४, ८ घ्या: लसावि ८, मसावि २, गुणाकार १६. तिन्ही संख्यांचा गुणाकार मात्र ६४.

कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १ का?

८, ४, २ हे दोनाचे तिसरा, दुसरा, पहिला घात. प्रत्येक पायरीला २ ने भागत आलो. आणखी एक पायरी खाली: १. त्याच्या खाली १/२, मग १/४. म्हणून ऋण घात म्हणजे ऋण संख्या नव्हे. दोनाचा −३ वा घात १/८ आहे, −८ नाही. शून्याला हा नियम लावू नका, तिथे वारंवार ० ने भागावं लागेल.

१६ चं वर्गमूळ ४ की ±४?

√१६ लिहिलं तर फक्त ४. हे चिन्ह धन वर्गमुळासाठीच राखलेलं आहे, नाहीतर √१६ + √९ ला चार-चार उत्तरं आली असती. "क्ष चा वर्ग १६, तर क्ष किती?" असं विचारलं तर मात्र क्ष = ४ किंवा −४, आणि दोन्ही लिहिल्याशिवाय पूर्ण गुण मिळत नाहीत.

पाय (π) म्हणजे २२/७ च ना?

नाही. शाळेतला हा सर्वांत चिवट गैरसमज आहे. २२/७ = ३.१४२८५७..., पाय = ३.१४१५९२... फरक तिसऱ्या दशांश स्थळापासून पडतो. २२/७ अपूर्णांक आहे, म्हणून परिमेय. पाय अपरिमेय आहे, कोणत्याच अपूर्णांकात तो नेमका बसत नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ६२८३२/२०००० म्हणजे ३.१४१६ ही किंमत दिली आणि ती आसन्न, म्हणजे जवळपासची, असल्याचंही सांगितलं.

उदाहरणात किंमत दिली असेल तर तीच घ्या. दिली नसेल आणि त्रिज्या ७, १४, २१, ३.५ अशी असेल तर २२/७ सोयीचा. त्रिज्या १० असेल तर ३.१४.

क्षेत्रफळाची एककं बदलताना उत्तर इतकं कसं चुकतं?

चतुर्भुज मंदिराच्या त्या बागेचंच माप घेऊ. २७० × १८७ = ५०,४९० चौरस हात. एक हात साधारण ४५ सेंमी, म्हणजे ०.४५ मीटर धरला तर किती चौरस मीटर? बहुतेक मुलं ५०,४९० × ०.४५ करतात आणि २२,७२० च्या आसपास उत्तर काढतात. दुपटीहून जास्त! लांबी आणि रुंदी दोन्हींत हाताचा मीटर झाला, म्हणून ०.४५ ने दोनदा गुणायला हवं. ०.४५ × ०.४५ = ०.२०२५ आणि ५०,४९० × ०.२०२५ ≈ १०,२२४ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम एक हेक्टर. खात्री करायची असेल तर बाजू आधी बदला: १२१.५ मी × ८४.१५ मी, तेच उत्तर.

म्हणूनच १ मीटर = १०० सेंमी, पण १ चौरस मीटर = १०,००० चौरस सेंमी आणि १ घनमीटर = १०,००,००० घनसेंमी. गोंधळ वाटला तर आम्ही सांगतो तसं करा: सूत्रात घालण्याआधीच सगळ्या बाजू एका एककात आणा.

२० टक्के वाढ आणि मग २० टक्के घट, म्हणजे भाव पूर्ववत?

गजक समजा ४०० रुपये किलो आहे. २० टक्के वाढून ४८०. आता घट ४८० वर लागते: ९६ रुपये. भाव ३८४, मुळापेक्षा ४ टक्के कमी. टक्के नेहमी "कशाचे" हे विचारा.

जीएसटीतही तेच होतं. १८ टक्के करासह बिल ५९० असेल तर मूळ किंमत काढायला ५९० चे १८ टक्के वजा करू नका. ५९० हे मूळ किमतीचे ११८ टक्के आहेत. ५९० × १०० ÷ ११८ = ५००, कर ९०.

जाताना ताशी ६०, येताना ताशी ४०, तर सरासरी वेग ५० ना?

४८. ग्वाल्हेर ते आग्रा १२० किमी धरा. जायला २ तास, यायला ३ तास, एकूण २४० किमी ५ तासांत. कमी वेगाने आपण जास्त वेळ चाललो, म्हणून सरासरी ४० कडे झुकते. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. दोन्ही वेगांनी चाललेला वेळ सारखा असेल तेव्हाच ५० येईल.

०.९९९... हे १ पेक्षा किंचित कमी असेल ना?

नाही, बरोबर १ आहे. १/३ = ०.३३३... हे सगळे मानतात. दोन्हींना ३ ने गुणा. दोन संख्या वेगळ्या असतील तर त्यांच्या मध्ये तिसरी असतेच, आणि ०.९९९... व १ यांच्या मध्ये ठेवायला काही सापडत नाही. मात्र इथे ९ संपत नाहीत. दहा नवांवर थांबलात तर ती संख्या १ पेक्षा कमीच आहे.

(अ + ब) चा वर्ग अ वर्ग + ब वर्ग का नाही?

अ = ३, ब = ४ ठेवा. डावीकडे ४९, उजवीकडे २५. राहिलेले २४ म्हणजे २अब. वहीवर ७ × ७ चा चौरस काढा, ३ आणि ४ वर रेघा मारा. ९ आणि १६ चे दोन चौरस सोडून १२-१२ चे दोन आयत उरतात.

शाळेत हिंदी संज्ञा, घरी मराठी. मेळ कसा घालायचा?

नेहमी अडणाऱ्या एवढ्याच आहेत. अपूर्णांक म्हणजे भिन्न, छेद म्हणजे हर, दशांश म्हणजे दशमलव. मूळ संख्या म्हणजे अभाज्य संख्या, संयुक्त संख्या म्हणजे भाज्य संख्या. लसावि म्हणजे लघुत्तम समापवर्त्य, मसावि म्हणजे महत्तम समापवर्तक. परिमिती म्हणजे परिमाप, परीघ म्हणजे परिधि.

दोन ठिकाणी खरा धोका आहे. मराठीत चौकोनाच्या कर्णालाही आणि काटकोन त्रिकोणाच्या कर्णालाही कर्णच म्हणतात. हिंदी पुस्तकात चौकोनाचा तो विकर्ण. आणि संख्याशास्त्रात मराठी पुस्तकातला मध्यक म्हणजे हिंदीतली माध्यिका, तर हिंदीतला माध्य म्हणजे मराठीतला मध्य किंवा सरासरी. पुण्याहून मावशीने पाठवलेलं पुस्तक वापरत असाल तर हा धडा आपल्या शाळेच्या पुस्तकाशी शब्द न् शब्द ताडून घ्या, आणि उत्तरपत्रिकेत माध्यमाच्याच संज्ञा लिहा.